आरमारी खलाशाची नीज

कर्जत तालुक्यातील पोशीर हे गाव समुद्रापासून दूर, भातखाचरांच्या आणि डोंगरांच्या मुलखात वसलेले असले, तरी गावाचेच नाव धारण करणारी पोशीर नदी उल्हासला मिळते, उल्हास कल्याणच्या खाडीत उतरते, आणि त्याच खाडीच्या आश्रयाने, १६५७ साली कल्याण-भिवंडी हस्तगत केल्यानंतर, शिवाजी महाराजांनी आरमाराच्या बांधणीस हात घातला. तेव्हा या डोंगरपायथ्याच्या रहिवाशाने आरमाराचा इतिहास परका समजण्याचे कारण नाही. मात्र तो इतिहास आपल्याकडे लिहिला गेला तो तोफांचा, सरखेलांचा आणि तहनाम्यांचा. गुराबेवर, म्हणजे मोठ्या लढाऊ जहाजावर, चढलेला खलाशी रात्री पाठ टेकीत असे तरी कोठे, ही चौकशी फारशी कोणी केलेली दिसत नाही. आणि मला तर वाटते, की चाकराला निजावयास किती जागा द्यावी हे ठरविताना सरकार त्याची जी किंमत करते, ती मुशाहिऱ्याच्या आकड्याहून अधिक खरी असते.

रॉबर्ट ऑर्म या अठराव्या शतकातील इंग्रज इतिहासकाराने मराठी आरमाराचे सरखेल असलेल्या आंग्र्यांच्या जहाजांचे जे वर्णन करून ठेवले आहे, त्यातून या प्रश्नाचे उत्तर अप्रत्यक्षपणे हाती लागते. तीन डोलकाठ्यांची मोठी गुराब सुमारे तीनशे टनांची. समोरून येणाऱ्या लाटांत तिचे निमुळते नाळेकडील टोक सारखे बुडे व उसळे, म्हणून तेथील तक्तपोशीला कठडाच ठेवीत नसत, आलेले पाणी आल्या वाटेने निघून जावे एवढ्यासाठी. तेथे निजणे म्हणजे लाटेच्या स्वाधीन होणे. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांच्या वर जाणारे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे. आणि भार हलका राहावा म्हणून त्याचे वरचे आच्छादन चिरलेल्या बांबूंचे केलेले. वल्हेकरी, शिपाई, तांडेल अशा माणसांनी खच्चून भरलेल्या त्या गलबतावर बिछान्याची स्वतंत्र व्यवस्था संभवत नाही. ज्याने त्याने आपल्या वल्ह्यापाशीच, नाही तर त्या बांबूंच्या कामट्यांवर, घोंगडे अंगावर ओढून अंग टाकले असावे, असाच तर्क करावा लागतो. किनाऱ्याच्या आडोशाने फिरणाऱ्या या जहाजांना रात्री एखाद्या खाडीत नांगर टाकता येई, हीच काय ती सवलत.

दुसरी आणि मोठी सवलत ऋतूची. आगोट, म्हणजे पावसाळ्याचा आरंभ, जवळ आली की शिडे उतरवावी आणि जहाजे सुरक्षित बंदरात घ्यावी, हा कोकणचा रिवाज आरमारासही चुकला नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमाराच्या या छावणीचा विचार आहे, आणि जहाजांसाठी लागणारे लाकूड तोडताना रयतेच्या आंब्या-फणसांना हात लावू नये, ही ताकीदही आहे. डोंगरपट्टीच्या वाचकाने ती ताकीद अवश्य ध्यानी घ्यावी. बंदरातली विश्रांती नेहमीच निर्धोक असे असेही नाही: १७५६ च्या फेब्रुवारीत विजयदुर्गाखाली एकमेकांस जखडून ठेवलेल्या तुळाजी आंग्र्यांच्या जहाजांपैकी एकावर इंग्रजांचा गोळा पडला आणि त्या एका आगीत सबंध आरमार जळाले.

इंग्रजांच्या युद्धनौकेवर निजेचा कारभार निराळा, आणि हिशेबी. वेस्ट इंडीजच्या आदिवासींकडून युरोपीयांनी उचललेली टांगती झोळी त्यांच्या नौदलात सरसहा रूढ झाली, आणि दर माणशी झोळीसाठी रुंदी मिळे ती चौदा इंच. अर्धे लोक पाळीवर असले की ती दुप्पट होई, एवढाच दिलासा. पाळ्या चार-चार तासांच्या. परंतु दिवसाच्या सहा सम पाळ्या झाल्या तर त्याच माणसाच्या वाट्याला रोज तीच मध्यरात्र येणार, म्हणून सायंकाळची चार ते आठची पाळी दोन तुकड्यांत विभागून एकूण सात केल्या. सकाळी झोळ्या घट्ट वळून जहाजाच्या कडेला रचीत, म्हणजे लढाईत त्या बंदुकीच्या गोळ्या अडवीत; खलाशाचे अंथरूणही दौलतीच्या चाकरीतून सुटले नव्हते.

याच शिस्तीवर इंग्रजांनी हिंदुस्थानात ठेवलेल्या नौदलात पुढे रत्नागिरीकडची माणसे मोठ्या संख्येने शिरली, आणि १९३४ साली त्याला रॉयल इंडियन नेव्ही हे नाव मिळाले. खालापूरहून बोरघाट चढून गेले की येणाऱ्या लोणावळ्यास १९४५ च्या फेब्रुवारीत नौदलाची यांत्रिक शिक्षणाची संस्था सुरू झाली, आणि तिला नाव दिले शिवाजी. समुद्राचे दर्शन नसलेल्या त्या डोंगरमाथ्यावर इंजिने चालविण्याचे धडे देण्यात येऊ लागले.

पुढच्याच वर्षी, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, कुलाब्याच्या तलवार या नाविक केंद्रातील खलाशांनी काम बंद केले, आणि काही दिवसांत सुमारे ७८ जहाजे आणि वीस हजारांच्या आसपास माणसे त्यात ओढली गेली. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची सुटका होती आणि इंडोनेशियातून हिंदी फौजा परत आणण्याची मागणी होती. परंतु त्याच यादीत धड अन्न आणि अधिकाऱ्यांची माणुसकीची वागणूक याही गोष्टी होत्या. काहींना या दुसऱ्या मागण्या क्षुल्लक वाटल्या. माझ्या मते त्या पहिल्यांइतक्याच राजकीय होत्या, कारण सरकार चाकराची किंमत काय करते, हाच सवाल त्यांतही होता.