देवळालीचा सैनिक, आपल्याकडचे मूल आणि मेंदूतली एक गाठ

१/ इंग्रजीत ‘डूलॅली’ असा एक शब्द आहे. अर्थ : डोके फिरलेला. हा शब्द म्हणजे आपल्या नाशिकजवळची देवळाली. ज्या फौजेची ही छावणी होती, त्याच फौजेतील सैनिकांच्या झटक्यांचे एक कारण १९३० च्या दशकात सापडले. तेच कारण भारतीय मुलांच्या फेफऱ्यात ओळखले जायला पुढे अर्धे शतक लागले. हा धागा त्या विलंबाविषयी. 🧵

२/ आधी शब्दांकडे पाहू. अपस्मार, फेफरे, मिरगी, आकडी, फीट : एकाच अनुभवाची ही अनेक नावे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मुलांना पीडणारे नऊ बालग्रह सांगितले आहेत. त्यांतील एकाचे नाव स्कंदापस्मार. म्हणजे लहान मुलाचा झटका हा मोठ्यांच्या झटक्याहून वेगळा विचारात घ्यावा, ही जाणीव आपल्याकडे फार जुनी आहे.

३/ लोकोपचारही जुनेच. फेफरे आले की नाकाला कांदा लावायचा, नाहीतर चप्पल हुंगवायची. कांद्याच्या या जिल्ह्यात तर पहिली वस्तू हाताशीच असते! गंमत अशी, की बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात. तेवढ्यात कांदा आणलेला असतो आणि श्रेय कांद्याला मिळते. ही कांद्याची गोष्ट लक्षात ठेवा. ती पुढे पुन्हा लागेल.

४/ आधुनिक औषधांचा क्रम थोडक्यात असा. १८५७ : लंडनमध्ये चार्ल्स लोकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा उपयोग सांगितला. १९१२ : जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमन यांनी फेनोबार्बिटल वापरले. १९२९ : हान्स बर्गर यांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरींचा आलेख, म्हणजे आजचा ईईजी, प्रसिद्ध केला. १९३८ : अमेरिकेत मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणले.

५/ या औषधांनी झटके आवरता येऊ लागले. पण ‘याच मुलाला झटके का?’ हा प्रश्न पुष्कळदा अनुत्तरित राहिला. कारण सापडले नाही की वैद्यकाच्या वहीत ‘अज्ञात कारणाचा अपस्मार’ अशी नोंद होई आणि गावात ‘बाहेरची बाधा’ अशी. दोन्हींचा अर्थ एकच : आम्हाला ठाऊक नाही.

६/ आता देवळाली. १८६१ च्या सुमारास येथे ब्रिटिश फौजेची छावणी उभी राहिली. भारतातील मुदत संपलेले सैनिक मुंबईच्या जहाजाची वाट पाहत येथे थांबत. जहाजांचा हंगाम हिवाळ्यापुरता. तो चुकला तर महिनोन्‌महिने रिकामे बसणे. त्या कंटाळ्याला आणि भ्रमिष्टपणाला सैनिकांनी नाव दिले ‘डूलॅली टॅप’. यातला ‘टॅप’ म्हणजे आपला ‘ताप’.

७/ ‘डूलॅली’ म्हणजे अपस्मार नव्हे, हे स्पष्ट केलेले बरे. पण भारतातून परतलेल्या काही सैनिकांना खरोखरच झटके येऊ लागले होते. भरती होताना धडधाकट, घराण्यात कुणालाही फेफरे नाही, आणि परतल्यावर काही वर्षांनी अचानक आकडी. अशांना ‘अपस्मारी’ ठरवून सेवेतून कमी केले जाई.

८/ ब्रिटिश लष्करी वैद्यकसेवेतील विल्यम मॅकआर्थर (१८८४–१९६४) यांना ही नोंद खटकली. त्यांनी अशा सैनिकांच्या कातडीखालील बारीक गाठी तपासल्या, स्नायूंचे क्ष-किरण चित्र काढले. गाठींत पट्टकृमीच्या अळ्या निघाल्या. क्ष-किरणांत जुन्या, चुन्यासारख्या कडक झालेल्या अळ्या दिसल्या. १९३३-३४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झटक्यांचे मूळ मेंदूत जाऊन बसलेल्या अळ्यांत होते.

९/ हा कृमी म्हणजे टीनिया सोलियम. अर्धवट शिजलेले, अळीयुक्त डुकराचे मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात लांबलचक पट्टकृमी वाढतो. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. ती अंडी पाण्यावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे किंवा अस्वच्छ हातांवाटे कुणाच्याही पोटात गेली, की त्यांतून निघालेल्या अळ्या रक्तातून स्नायूंत, डोळ्यांत, मेंदूत पोहोचतात.

१०/ यातला फरक नीट पाहा. मांसातून मिळतो तो आतड्यातला कृमी. मेंदूत जाते ती अंड्यातून निघालेली अळी. म्हणून ज्याने आयुष्यात कधी मांस खाल्ले नाही, अशा मुलाच्या मेंदूतही ही अळी सापडू शकते. ‘आमच्या घरात चालत नाही, मग हा आजार कसा?’ या प्रश्नाचे उत्तर ताटात नसते. ते गावाच्या सांडपाण्यात आणि शौचालयात असते.

११/ ब्रिटिशांनी या सैनिकांचा पाठपुरावा अनेक वर्षे केला. १९६१ मध्ये डिक्सन आणि लिप्सकॉम्ब यांनी ४५० रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यांत बहुसंख्य भारतात सेवा केलेले सैनिक होते आणि दहांपैकी नऊहून अधिक जणांना झटके येत होते. संसर्ग आणि पहिला झटका यांत कित्येक वर्षांचे अंतर असू शकते, हेही त्यातून सिद्ध झाले.

१२/ आता खरा प्रश्न. सैनिक भारतात काही वर्षे राहून गेला. मग त्याच पाण्यावर आणि त्याच भाजीपाल्यावर जन्मभर राहणाऱ्या इथल्या मुलांचे काय? भारतीय रुग्ण अगदीच अज्ञात नव्हता. १८८८ मध्ये मद्रासमध्ये झटक्यांनी मेलेल्या एका मजुराच्या देहात या अळ्या सापडल्याची नोंद आर्मस्ट्राँग यांनी केली होती. पण एका मजुराच्या नोंदीतून इथल्या मुलांच्या फेफऱ्याचा शोध सुरू झाला नाही.

१३/ याला केवळ वसाहतवादी उपेक्षा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण कारणे दोन दिसतात. पहिले कागदाचे. सैनिकाची भरती, नेमणूक, आजार, सेवामुक्ती हे सारे एकाच नावाखाली नोंदलेले होते. त्याचा आजार मागे जाऊन भारतापर्यंत शोधता येत होता. खेड्यातल्या मुलाच्या नावे असा सलग कागदच नव्हता.

१४/ दुसरे कारण साधनांचे. मॅकआर्थर यांच्या सैनिकांत अळ्या पुष्कळ असत. कातडीखाली हाताला लागत, क्ष-किरणांत दिसत. भारतीय मुलांत मात्र बहुधा मेंदूत एकच इवलीशी गाठ असते. ती हाताला लागत नाही आणि साध्या क्ष-किरणांतही दिसत नाही. ती पाहायला सीटी स्कॅन यावे लागले. पहिला रुग्ण त्या यंत्रात गेला १९७१ मध्ये, लंडनला.

१५/ १९८० च्या दशकात भारतीय शहरांतील डॉक्टर झटके येणाऱ्या रुग्णांचे स्कॅन पाहू लागले, आणि एक चित्र वारंवार समोर येऊ लागले : मेंदूत एक छोटे वलय, भोवती सूज. पुण्याचे ज्येष्ठ मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. आर. एस. वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये अशा वलयांवर महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध केला. हे वलय कशाचे, यावर देशभर वाद चालला.

१६/ पहिला संशय क्षयाच्या गाठीवर गेला, आणि तो अडाणीपणाचा नव्हता. मेंदूचा क्षय हे भारतीय मुलांच्या मृत्यूचे आणि अपंगत्वाचे मोठे कारण होते. मुंबईत डॉ. पी. एम. उदानी आणि डॉ. दाराब दस्तूर यांनी त्यावर जगन्मान्य काम केले होते. समोर गाठ दिसली की क्षय आठवावा, हे शिक्षण अनुभवातून आलेले होते.

१७/ त्यामुळे अनेक मुलांना क्षयाची औषधे सुरू झाली. काही महिन्यांनी पुन्हा स्कॅन केला की गाठ नाहीशी! निदान बरोबर ठरले, असे वाटणे स्वाभाविक होते. पण लवकरच लक्षात आले, की क्षयाची औषधे न घेतलेल्या रुग्णांतही गाठ तशीच विरून जाते. कांद्याची गोष्ट आठवते? आपोआप थांबणाऱ्या गोष्टीचे श्रेय हाताशी असलेल्या उपायाला मिळते. स्कॅनच्या युगातही ते सुटले नाही.

१८/ निर्णय झाला वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात. डॉ. मॅथ्यू चांडी, डॉ. वेदांतम राजशेखर आणि सहकाऱ्यांनी काही रुग्णांतील गाठी शस्त्रक्रियेने काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी लिहिले : या छोट्या एकट्या गाठींमागे पट्टकृमीची मरत चाललेली अळी आहे. मॅकआर्थर यांच्या निबंधानंतर ५६ वर्षांनी!

१९/ १९९३ मध्ये राजशेखर यांनी निकष मांडले. गाठ एकच, २० मिलिमीटरपेक्षा लहान, मेंदूचा मध्य सरकलेला नाही, डोक्यातला दाब वाढलेला नाही, शरीरात अन्यत्र क्षय नाही : तर ती बहुधा अळीची. मोठेपणा यातला असा, की काही रुग्णांची कवटी उघडून मिळालेल्या ज्ञानाने पुढच्या असंख्य मुलांची कवटी उघडण्याची गरज संपवली.

२०/ १९९८ मध्ये चंडीगडच्या डॉक्टरांनी अशाच मुलांवर अल्बेंडाझोलची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना खरे औषध, काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी. कोणाला काय, हे ना डॉक्टरांना ठाऊक ना पालकांना. कांद्याला खोटे श्रेय मिळू नये म्हणून काढलेली हीच ती युक्ती. शाळेत जंतनाशक दिनी मिळणारे औषध तेच. मात्र तिथली एक गोळी म्हणजे मेंदूतील गाठीचा उपचार नव्हे. तो डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतो.

२१/ हा वाद केवळ स्कॅनच्या काचेवरचा नव्हता. हिंदू विवाह कायद्यात १९७६ च्या दुरुस्तीने, वारंवार अपस्माराचे झटके येणारी व्यक्ती वैध विवाहास अपात्र ठरत होती. ‘अपस्मार’ हा शब्द तिथून १९९९ मध्ये वगळला गेला. म्हणजे लहानपणी एका अळीमुळे झटके आलेल्या मुलीच्या कपाळी ‘फेफरेकरी’ हा शिक्का कायद्याच्या साक्षीने बसू शकत होता. तिची गाठ विरून गेली तरीही.

२२/ मुलांचा प्रत्येक अपस्मार अळीमुळे होत नाही. जन्मावेळी मेंदूला प्राणवायू कमी पडणे, जनुकीय दोष, मेंदूज्वर, मार अशी कारणे अनेक. पण जागतिक आरोग्य संघटना या कृमीला टाळता येण्याजोग्या अपस्माराचे एक प्रमुख कारण मानते. ‘टाळता येण्याजोगा’ हा शब्द महत्त्वाचा. शौचालय, स्वच्छ पाणी, धुतलेली भाजी, मांसाची तपासणी : उपाय दवाखान्याच्या बाहेरच सुरू होतो.

२३/ आणि समोर कुणाला झटका आलाच तर : कुशीवर वळवा, आजूबाजूच्या टणक वस्तू दूर करा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबला नाही तर तत्काळ रुग्णालयात न्या. कांदा भाजीसाठी राहू द्या.

२४/ इतिहासाच्या विद्यार्थ्याला या कथेतून एक गोष्ट दिसते. आजार दोघांचा एकच होता. ज्याची नोंद होती त्याचे कारण आधी सापडले. म्हणून वैद्यकाचा इतिहास वाचताना शोध कुणी लावला याबरोबरच कुणाचा कागद ठेवला गेला, हेही विचारावे. तुमच्या भागात फेफऱ्याला कोणता शब्द आहे, कोणते उपाय सांगितले जातात? खाली लिहा. तीही नोंदच आहे. 🙏