०.२ आला कुठून?

तेलसाठ्याचं सिम्युलेशन शिकायला बसलं की लवकरच एक आकडा समोर येतो: ०.२. बहुतेक जण तो सूत्रात घालतात आणि पुढे सरकतात.

या आकड्याच्या घराण्याचा मूळपुरुष आंरी दार्सी. फ्रान्समधल्या दिजाँच्या पाणीपुरवठ्याच्या या अभियंत्याने वाळू भरलेल्या उभ्या नळातून पाणी सोडून पाहिलं आणि १८५६ साली नियम छापला: प्रवाह पातळ्यांतल्या फरकाच्या प्रमाणात असतो. तेल त्याच्या ध्यानीमनीही नसावं. पण खडकाची पारगम्यता, म्हणजे त्यातून द्रव किती सहज वाहतो ते, आजही 'दार्सी'तच मोजतात.

पुढची पिढी ह्यूस्टनला, हंबल ऑइलमध्ये. डोनाल्ड पीसमन आणि हेन्री रॅचफर्ड यांनी १९५५ साली ग्रिडवरची, म्हणजे चौकोनी ब्लॉकांच्या जाळीवरची, समीकरणं एकदा आडव्या ओळींनी, एकदा उभ्या रकान्यांनी अशी आळीपाळीने सोडवायची रीत दिली. तेव्हाच्या तोकड्या यंत्रांनाही ती झेपली.

खरी अडचण विहिरीची. ब्लॉक १०० मीटरचा आणि त्याच्या मधोमध विहीर जेमतेम वीतभर रुंद. तिच्याजवळ दाब झपाट्याने उतरतो, गणित मात्र अख्ख्या ब्लॉकला एकच दाब देतं. तो दाब विहिरीपासून किती अंतरावरचा मानायचा? आधीचं उत्तर होतं, ब्लॉकभरची सरासरी. म्हणजे बाजूच्या ०.३४२ पट अंतर. ऐकायला पटतं, पण चूक. १९७८ साली पीसमनने दाखवलं की हा दाब सरासरी नसतोच, तो शेजारच्या चार ब्लॉकांशी जुळवून येतो. प्रत्येक शेजारी चतुर्थांश प्रवाह पुरवतो. तोच प्रवाह विहिरीभोवतीच्या वर्तुळाकार प्रवाहाच्या सूत्रात घातला की ०.२०८ मिळतो. आकडेमोड कागदाच्या एका पानावर मावते, ती हाताने केलेली बरी. बारीक ग्रिडवर ताडून पाहिल्यावर हा आकडा ०.१९८ ठरला, म्हणजे जवळपास ०.२.

फरक किरकोळ वाटेल. पण १०० मीटरचा ब्लॉक आणि १० सेंटिमीटर त्रिज्येची विहीर घ्या, दाबफरक तोच ठेवा: जुन्या आकड्याने उत्पादनाचा अंदाज सुमारे ९ टक्क्यांनी कमी भरतो.

०.२ चालतो तो चौरस ब्लॉक आणि सगळीकडे सारख्या पारगम्यतेलाच. आयताकृती ब्लॉक आणि दिशेगणिक बदलणारी पारगम्यता यांसाठी पीसमनने १९८३ साली सूत्र वाढवलं. त्यात ०.२८ दिसतो आणि नवशिका गोंधळतो. चौरसाला लावला की तोही ०.२ च्याच घरात येतो.