हिवरे बाजार : एका परिसंस्थेचा इतिहास

परिस्थितिविज्ञान या शास्त्राला नाव दिले ते जर्मन प्राणिशास्त्रज्ञ हेकेल याने, १८६६ मध्ये. ‘परिसंस्था’ ही संज्ञा इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ टॅन्स्ली याने १९३५ मध्ये मांडली. सजीव आणि त्यांच्या भोवतालची माती, पाणी व हवा यांची मिळून एकच व्यवस्था बनते, हा तिचा आशय होय. मानवी व्यवहारालाही या व्यवस्थेचा घटक मानले पाहिजे, असा टॅन्स्लीचा आग्रह होता. या आग्रहाची कसोटी पाहावयाची झाल्यास नगर तालुक्यातील हिवरे बाजार या लहानशा गावाचा अलीकडील इतिहास फार उपयोगी पडतो.

हे गाव पर्जन्यछायेच्या प्रदेशात वसलेले आहे. वर्षाचा सरासरी पाऊस ४०० मिलिमीटरांच्या आतबाहेर. भूमी दख्खनच्या काळ्या पाषाणाची. या पाषाणात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या मुरमात आणि भेगांत. खालच्या अखंड खडकात ते शिरत नाही. म्हणून येथील भूजलाचा साठा उथळ असतो. तो लवकर भरतो आणि तितक्याच लवकर रिता होतो.

१९७२ च्या दुष्काळाने गावाची घडी विस्कटली. पुढील वर्षांत टेकड्या उघड्या पडल्या, विहिरी आटल्या आणि अनेक कुटुंबे कामाच्या शोधात बाहेर गेली. यात कोणता एक दोष मूळचा, हे सांगता येत नाही. परिसंस्थेत कारण आणि परिणाम यांची फिरती साखळी असते. गवत सूर्याची ऊर्जा धरून ठेवते. त्यावर जनावर पोसते, जनावराचे शेण शेतात जाते आणि गवताची मुळे माती बांधून ठेवून पाणी मुरवितात. गवत गेले की दूध, खत, माती आणि पाणी ही चारही एकामागून एक जातात.

१९८९ मध्ये श्री. पोपटराव पवार सरपंच झाले. शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धीचा प्रयोग तेव्हा सर्वांसमोर होताच. पुढे शासनाच्या आदर्श गाव योजनेत गावाचा समावेश झाला. टेकड्यांवर समतल चर खणले गेले, बंधारे झाले, झाडे लागली. पाहुण्यांच्या नजरेत भरतात ते हे चरच. परंतु आमच्या मते खरे महत्त्व कुऱ्हाडबंदीला व चराईबंदीला आहे. उघड्या उतारावरचा चर दोनचार पावसाळ्यांत गाळाने बुजतो. वर गवत असेल तरच तो टिकतो. या बंदीचा भार मात्र सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याला जमीन नाही आणि ज्याचे पोट शेळ्यांवर आहे, त्याला ती अधिक जाचते. मोकळी चराई बंद करून विळ्याने गवत कापून नेण्यास मुभा ठेवली गेली, ती या दृष्टीने महत्त्वाची तडजोड होती. गवत वाढले आणि दुभती जनावरेही वाढली.

येथपर्यंतचा इतिहास इतर गावांतही थोड्याफार फरकाने आढळतो. पाणी वाढले की ऊस येतो, विंधनविहिरी येतात आणि उथळ साठा पुन्हा रिता होतो. हिवरे बाजारने हा पुढचा टप्पा टाळला. शेतीसाठी विंधनविहीर नको आणि ऊस नको, असे गावाने ठरविले. या शतकाच्या आरंभापासून तेथे दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. त्यामागील हिशेब साधा आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ९७६ हेक्टर. तेव्हा १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ९७ कोटी ६० लक्ष लिटर पाणी. त्यातील काही वाहून जाते, काही वाफ होऊन उडते, काही मातीत राहते आणि उरलेले मुरते. प्रथम माणसांचे व जनावरांचे पिण्याचे पाणी बाजूला काढावयाचे. शेष पाण्यात कोणती पिके बसतात हे ग्रामसभेत ठरवावयाचे. पाऊस कमी झाला तर अधिक पाण्याचे पीक सोडावयाचे.

वनस्पतिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात परिसंस्थेचे नियमन भक्ष्य आणि भक्षक यांच्या संख्येवरून समजावून देतात. येथे ते काम पर्जन्यमापकावरील आकडा, विहिरीतील पातळी आणि ग्रामसभेचा ठराव यांनी मिळून होते. यांपैकी तिसरा घटक निसर्गतः उपजत नाही. तो दर पावसाळ्याअखेरीस नव्याने घडवावा लागतो, आणि ज्या वर्षी पाऊस भरपूर होतो त्या वर्षी तो घडविणे अधिक कठीण जाते.