ट्रकचा टेम्परेचर काटा उड्या मारतोय? गरम इंजिन झालंय की बिघाड मीटरमध्ये आहे, हे असं ओळखा

जुन्या ट्रकमध्ये ही तक्रार नेहमीची. काटा मध्यावर असतो, गचका बसला की लाल पट्टीवर जातो आणि थोड्या वेळात आपोआप खाली येतो. मग कोणी अंदाजाने सेन्सर बदलतो, तर कोणी 'आपल्या गाडीचा काटा असाच आहे' म्हणून त्याच्याकडे बघणंच सोडून देतो. यातली दुसरी सवय जास्त महागात पडते. एखाद्या दिवशी भरल्या गाडीने कसारा घाट चढताना इंजिन खरंच तापलं, तर लाल पट्टीवरचा काटा कोणी मनावर घेत नाही. मग हेड गॅस्केट जाते, हेड वाकडं होतं.

म्हणून स्पेअर पार्ट आणण्याआधी एकच प्रश्न सोडवायचा: काटा खरं बोलतोय का?

(ही माहिती ईसीयू नसलेल्या, साध्या वायरिंगच्या जुन्या डिझेल ट्रकसाठी आहे.)

हे मीटर चालतं कसं?

इंजिनच्या पाण्यात, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या जवळ, पितळी सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत थर्मिस्टर असतो. पाणी तापलं की त्याचा विद्युत रोध कमी होतो, मीटरमधून जास्त करंट वाहतो आणि काटा वर चढतो. या सेन्सरला बऱ्याचदा एकच वायर असते. परतीचा मार्ग म्हणजे त्याचे आटे, इंजिनची बॉडी आणि तिथून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंतची अर्थिंग. या रस्त्यात कुठेही गंज किंवा ढिलेपणा असेल, तर काटा चुकीचं दाखवणार.

अगदी जुन्या काही गाड्यांत वायरऐवजी बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत जाते. त्या मीटरला वीज लागत नाही. नळी चेपली किंवा तुटली, की काटा मेला. खाली दिलेल्या वायरच्या तपासण्या त्याला लागू नाहीत.

काट्याचा वेग बघा

इंजिनमध्ये बरंच लोखंड आणि बरंच पाणी असतं. त्याचं तापमान एका सेकंदात ३० अंशांनी वाढत नाही आणि तितक्याच झटक्यात उतरतही नाही. यावरून बरंच काही कळतं.

- गचक्याला किंवा हेडलाइट लावताच काटा हलतो: दोष वायर, कनेक्टर किंवा अर्थिंगचा. इंडिकेटरच्या तालावर काटा हलत असेल, तर आधी अर्थिंगच बघा.
- टेम्परेचर आणि डिझेल, दोन्ही काटे एकदम बिघडले: दोन्ही सेन्सर एकाच दिवशी सहसा जात नाहीत. डॅशबोर्डची अर्थिंग किंवा मीटरला स्थिर व्होल्टेज देणारा स्टॅबिलायझर तपासा.
- काटा काही मिनिटांत हळूहळू वर जातो, तसाच हळूहळू उतरतो: हे बहुधा खरं तापमान आहे. थर्मोस्टॅट अडकतोय, फॅन बेल्ट घसरतोय किंवा रेडिएटर तुंबलाय.
- चढावर काटा वर गेला आणि अचानक खाली पडला: सगळ्यात धोक्याची खूण हीच. पाणी कमी झालं असेल, तर सेन्सर हवेत किंवा वाफेत उघडा पडतो आणि काटा 'थंड' दाखवतो, पण इंजिन आत भाजत असतं. गाडी लगेच बाजूला घ्या.

तपासणीचा क्रम

१. पाणी बघा. इंजिन पूर्ण थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडा. गरम असताना कधीच नाही. झाकणामुळे आत दाब राहतो. ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळतं पाणी तोंडावर येतं. पाणी कमी असेल तर कुलंट भरा, हवा काढा आणि गळती शोधा. बाहेर कुठेच गळती नाही, तरी पाणी कमी होतंय आणि इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येतायत, तर हेड गॅस्केटवर संशय घ्या.

२. वायर काढून बघा. किल्ली ऑन करा, इंजिन बंद ठेवा. सेन्सरची वायर काढली की काटा 'थंड'वर यायला हवा. तीच वायर दोन-तीन सेकंद इंजिनच्या स्वच्छ धातूला टेकवली की काटा 'गरम'कडे निघायला हवा. जुन्या मीटरमधला काटा संथ असतो, म्हणून तो निघाला एवढं पुरे. वायर जास्त वेळ टेकवू नका, मीटर जळू शकतं. दोन्ही वेळा काटा नीट हलला, तर मीटर आणि वायर सहसा ठीक असतात. वायर काढूनही काटा गरमवरच राहिला, तर ती वाटेत कुठेतरी बॉडीला घासतेय.

३. अर्थिंग मोजा. इंजिन चालू करा, हेडलाइट लावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीचं निगेटिव्ह आणि इंजिनची बॉडी यांच्यात मोजा. मग निगेटिव्ह आणि केबिन यांच्यात मोजा. दोन्हीकडे ०.२ व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर अर्थ पट्टी काढा, दोन्ही टोकं घासून चकचकीत करा आणि घट्ट आवळा.

४. सेन्सर मोजा. वायर काढून सेन्सरचं टोक आणि इंजिनची बॉडी यांच्यात ओहम बघा. थंड इंजिनला रोध जास्त असतो आणि इंजिन तापेल तसा तो न अडखळता उतरायला हवा. मध्येच उड्या मारत असेल तर सेन्सर बदला. नवा सेन्सर त्याच मॉडेलचा घ्या. आटे जुळले तरी आतला थर्मिस्टर वेगळा असेल, तर काटा कायम चुकीचं दाखवेल. आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्याने अर्थिंग तुटू शकते.

५. थर्मोस्टॅट उकळून बघा. तो काढून पातेल्यातल्या पाण्यात सोडा आणि सोबत थर्मामीटर ठेवा. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडायला लागला पाहिजे. खराब निघाला तर नवा बसवा. तो काढून टाकून गाडी तशीच चालवली, तर इंजिन थंड राहतं, डिझेल जास्त जातं आणि झीज वाढते.

शंका राहिलीच तर

इन्फ्रारेड थर्मामीटरने थर्मोस्टॅट हाऊसिंगचं तापमान बघा. चकचकीत धातूवर तो कमी दाखवतो, म्हणून तिथे काळी चिकटपट्टी लावून मोजा. हाऊसिंग ८५ अंश आणि काटा लालवर असेल, तर दोष मीटरच्या बाजूला आहे. मात्र पाणी पूर्ण भरलेलं असतानाच हे मोजमाप धरा.

कारण सापडेपर्यंत काटा लालवर गेला की तो खराच समजा. गाडी थांबवून दहा मिनिटं तपासण्यात गेली तर फक्त वेळ जातो. तापलेलं इंजिन तसंच घाटावर चढवलं तर हेड उतरवायची वेळ येते.