कुलूप लावलेल्या घराचं छप्पर

दर ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाचे फोटो परत फिरायला लागतात. आडव्या झालेल्या पोफळीच्या बागा, वाकलेले विजेचे खांब, छप्पर उडालेली घरं. त्या घरांकडे जरा नीट बघा मंडळी. छप्पर गेलंय, वासे उघडे पडलेत, पण बऱ्याच फोटोंत दाराचं कुलूप शाबूत आहे.

या कुलपाचा इतिहास वादळापेक्षा खूप जुना आहे.

१८५० च्या दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू झाल्या आणि रत्नागिरी जिल्ह्यातला तरणा माणूस तिकडे सरकला. बाईमाणूस, म्हातारी, पोरं गावात राहिली. मनिऑर्डर यायची, घर चालायचं. म्हणजे आज ज्याला आपण ‘गावचं दुसरं घर’ म्हणतो ते तेव्हा पहिलंच घर होतं. दुसरं होतं ते मुंबईचं. तिथे एका खोलीत दहा-पंधरा जण, वळकटी एका कोपऱ्यात आणि जेवण खाणावळीत. पुढे बायकापोरं मुंबईला गेली, शाळा तिकडच्या झाल्या, आणि कोणतं घर पहिलं हे हळूहळू बदललं. गावात आजी-आजोबा होते तोवर चूल पेटत होती. ते गेले, मग कुलूप आलं. गणपती, शिमगा आणि मे महिना एवढ्यापुरतं ते निघतं.

आता छपराकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथेच आहे. आपल्याकडे आधी गवताची छपरं, मग हातानं घडवलेले नळे, मग मंगलोरी कौल. हे कौल बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढून बनवायला घेतलं आणि ते सगळ्या किनाऱ्यावर पसरलं. पण यातलं कुठलंच छप्पर ‘एकदा घातलं की झालं’ असं नव्हतं. गवत दरवर्षी शाकारायचं. नळे दरवर्षी परतायचे. फुटकं कौल बदलायचं, कुजलेली रीप काढायची, मातीच्या भिंतीला झावळ्यांची झड बांधायची. हे सगळं वैशाखात, पावसाआधी. सुट्टीला आलेला चाकरमानी यात हात घालायचा आणि मगच निघायचा. त्यालाही घाई असायची, कारण पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या प्रवासी बोटी बंद व्हायच्या. हर्णै, दाभोळच्या बंदरातून शेवटची बोट सुटायच्या आत छप्पर तयार पाहिजे. बोटी गेल्या, एसटी आली. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली (दापोली-मंडणगडकरांना तिचा उपयोग खेडला उतरण्यापुरता, असो). येणं-जाणं सोपं झालं तसं राहणं कमी झालं. तीन दिवसांसाठी आलेला माणूस छपरावर चढत नाही.

बंद घरावर आधी वानर नाचतं. एक कौल सरकतं. घरात माणूस असेल तर त्याच दिवशी खाली भांडं ठेवलं जातं आणि पाऊस उघडला की कौल सारखं होतं. कुलूप असेल तर ती गळती चार महिने चालते. मग वासा कुजतो, त्याला वाळवी लागते, भाल खचते. याला कंटाळून पुष्कळांनी कौलं उतरवली आणि पत्रे घातले. वानरांचा प्रश्न सुटला. पण कौलं एकेक करून उडतात, पत्रा निसटला की शेजारच्यालाही घेऊन जातो. त्यातून जुन्याच वाशांवर चार हुक मारून भागवलेलं.

अशा छपरांवर ३ जून २०२० आला. ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारा होता. १८९१ पासूनच्या नोंदींत जून महिन्यात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलेलं हे सर्वांत जोरदार वादळ. अलिबागच्या दक्षिणेला ते किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली हा सगळा पट्टा झोडपून निघाला. बांधून-राखून असलेली घरंही त्यात गेली, हे विसरू नका. झाड अंगावर पडलं तर चांगलं छप्परही काय करणार? पण वाडीत फिरताना बंद घरं लगेच ओळखू येत होती. वासे मोडलेले नव्हते, चुरा झालेले होते.

आणि वेळ कसली? लॉकडाऊन. मालक मुंबईत अडकलेला. पावसाळा तोंडावर, ताडपत्री मिळेना, पत्र्याचे भाव वाढलेले, कित्येक दिवस वीज नाही. तरीही जो पोचला त्याच्यापुढे कागदाचा प्रश्न. सरकारनं पूर्ण पडलेल्या घराला दीड लाखाची मदत जाहीर केली होती. पण घर कुणाचं? ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर नाव आजोबांचं, आजोबा जाऊन तीस वर्षं झाली. हिस्सेदार अकरा. दोघे विरारला, एक डोंबिवलीला, एक सुरतला, बाकीच्यांचा फोन नंबर कुणाकडे नाही. खातं कुणाचं द्यायचं यावरून भावाभावांत जी तोंडं फिरली ती अजून वळलेली नाहीत. पैसे आले तिथेही एकानं घर उभं करायचं आणि गणपतीला अकरा जणांनी उतरायचं, हा हिशोब कुणालाच पटेना.

वर्ष व्हायच्या आत, मे २०२१ मध्ये, तौक्ते आलं. त्याचा मुख्य तडाखा सिंधुदुर्ग-रत्नागिरीला, पण आपल्याकडची निळी प्लॅस्टिकं त्यानं परत फाडली.

काही वाड्यांनी आता वेगळी वाट काढलीय. मुंबईच्या मंडळात वर्गणी काढून गावातल्याच एकाला ठरवायचं, एप्रिलमध्ये प्रत्येक बंद घराचं छप्पर त्यानं बघायचं, मोबाइलवर फोटो पाठवायचे. मोठं काही नाही, जुनी वैशाखातली कामंच पगारावर. अडचण एकच आहे. नळे आणि कौलं नीट परतणारे हात आता पन्नाशी-साठीतले आहेत, आणि त्यांची पोरंही मुंबईलाच आहेत. तुमच्या गावात असं काम अजून करणारं कुणी असेल तर इथे कळवा. वाडीचं नाव पुरे. यादी करतोय, पावसाआधी उपयोगी पडेल.