स्टेंटचा भाव ठरला, कॅल्शियमचं काय?

"नसेत कॅल्शियम आहे, साध्या फुग्याने होणार नाही, खर्च वाढेल." हे वाक्य आमच्या तालुक्यातल्या बऱ्याच घरांनी ऐकलंय, तेही पेशंट टेबलावर असताना. नातेवाइकांना वाटतं, लुटायला काढलंय. कधी तसं असेलही. पण कॅल्शियम ही थाप नाही, म्हणून हा थोडा इतिहास.

१६ सप्टेंबर १९७७ ला झुरिकमध्ये डॉ. आंद्रेआस ग्रुन्टझिग यांनी हृदयाच्या धमनीत फुगा फुगवून पहिल्यांदा ब्लॉक उघडला. मऊ चरबी अशी दबते. पण कॅल्शियम साचून कडक झालेली धमनी दबत नाही. फुगा मऊ बाजूलाच फुगतो. त्यावर स्टेंट टाकला तर तो अर्धवट उघडतो आणि पुन्हा बंद पडायची भीती राहते.

मग रोटाब्लेटर आला. हिऱ्याचे कण लावलेला बारीक गोळा, मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेत कॅल्शियम घासतो. अमेरिकेत १९९३ ला मान्यता. मात्र डॉक्टरचा हात सरावलेला हवा.

खरी गंमत पुढे आहे. डॉर्नियर ही जर्मन विमान कंपनी. वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळल्यावर काय होतं, हे तपासताना तिला धक्कालहरींचा माग लागला. त्यातून फेब्रुवारी १९८० मध्ये म्युनिकला रुग्णाचा मुतखडा पोट न फाडता, बाहेरूनच फोडला गेला. हीच युक्ती पुढे धमनीतल्या फुग्यात आली. आत ठिणगी पडते, लहर उठते, कॅल्शियमला तडे जातात आणि स्टेंट नीट बसतो. अमेरिकेत याला मान्यता मिळाली फेब्रुवारी २०२१ मध्ये. ब्लॉक फार पसरलेले असतील तर बायपास आहेच.

(लिंबू-आलं-लसणाच्या काढ्याने हे कॅल्शियम विरघळत नाही. कृपया फॉरवर्ड करू नका.)

आता आपला मुद्दा. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने स्टेंटच्या किमतीला लगाम घातला. साधा ७,२६० रुपये, औषधी लेप असलेला २९,६००. पण त्या आदेशात फक्त स्टेंट होते. हिऱ्याचा गोळा नव्हता, लहरींचा फुगाही नव्हता. बिल फुगतं ते इथे.

म्हणून अँजिओग्राफी झाली की लगेच विचारा : कॅल्शियम किती आहे, कशाने फोडणार, त्याचे वेगळे किती, सरकारी योजनेत बसतं का? उत्तर लेखी घ्या. झटका आलेला असेल तर मात्र हुज्जत घालू नका, तिथे मिनिटं मोलाची असतात.

आपल्या भागात कुणाकडे अशी बिलं असतील तर इनबॉक्समध्ये पाठवा. नाव बाहेर येणार नाही.