उंबराच्या फुलाचा वास

फार दिवसांनी दारात आलेल्या स्नेह्याला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. दुर्मिळ वस्तूला यापरते चांगले नाव मराठीला सापडले नाही. शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांच्या मधून वाहणाऱ्या भीमेच्या काठी, घोडनदीच्या तीरावर, ओढ्यांच्या वळणांवर आणि जुन्या विहिरींच्या कडेला उंबर उभे आहेत. वर्षातून अनेकदा ते बुंध्यापासून फांद्यांपर्यंत फळांनी लगडतात. पण त्यांचे फूल पाहिल्याचे कोणी सांगत नाही. मग फुलावाचून फळ धरते कसे? या साध्या प्रश्नाचे पुरते उत्तर मिळावयास दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. त्या उत्तराचा इतिहास हाच आमच्या विवेचनाचा विषय आहे.

सुवासाचा विचार आपल्याकडे कमी झाला, असे मुळीच नाही. गंध हा पृथ्वीचा विशेष गुण, असे आपल्या नैयायिकांनी ठरविले. गंगाधराचा 'गंधसार' आणि मराठी टीकेसह असलेला 'गंधवाद' हे सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या विद्येवरील ग्रंथ. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील व्यासंगी संशोधक परशुराम कृष्ण गोडे यांनी त्यांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. उटणी, तेले, धूप यांचे हे शास्त्र बारकाईने लिहिलेले आहे. मात्र त्याचा सारा रोख माणसाच्या आणि देवाच्या उपयोगावर आहे. फूल स्वतः कोणासाठी वास सोडते, हा प्रश्न त्यात येत नाही. तो युरोपातही पुष्कळ उशिराच विचारला गेला.

१७९३ साली बर्लिनजवळच्या स्पांडाऊ गावच्या शाळेचे मुख्याध्यापक ख्रिस्तियान स्प्रेंगेल यांनी एक ग्रंथ प्रसिद्ध केला. फुलांचा रंग, वास आणि मध ही सारी कीटकांना बोलावण्याची व्यवस्था असून, कीटकांच्या अंगाला लागून पराग एका फुलातून दुसऱ्या फुलात जातो, असे त्यांनी शेकडो फुले निरखून दाखविले. विद्वानांनी ग्रंथाची उपेक्षा केली आणि पुढे शाळेतील जागाही गेली. १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या सांगण्यावरून चार्ल्स डार्विन यांनी तो ग्रंथ वाचला आणि त्याचे मोल जगाला कळले.

तरीही कीटकाला वास खरोखर येतो काय, हे प्रयोगाने ठरावयाचे होते. ते काम कार्ल फॉन फ्रिश यांनी केले. एका विशिष्ट वासाच्या पेटीत त्यांनी मधमाश्यांना साखरपाणी दिले. मग अनेक वासांच्या पेट्या मांडल्या. माश्या ओळखीच्या वासाच्या पेटीवर गेल्या. १९१९ साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. फुलावरून परतलेली माशी अंगाला लागलेला त्याचा वास पोळ्यात नेते आणि इतर माश्या त्याच वासाच्या शोधात निघतात, हेही त्यांनी दाखविले. या ज्ञानाचा उपयोग त्यांनी शेतीला करून दिला. तांबड्या क्लोव्हर गवताची फुले साखरपाण्यात भिजवून ते पाणी माश्यांना पाजले, तेव्हा माश्या त्या पिकाकडे वळल्या आणि बियांचे उत्पन्न वाढले. १९७३ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

ही हकीगत आपल्यापासून फार दूरची नाही. कांद्याचे बी धरणारा शेतकरी डोंगळ्यांच्या गोंड्यांवर माश्या याव्यात म्हणून गुळाचे पाणी फवारतो. त्याचा उद्देशही तोच असतो. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने १९६२ साली पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था स्थापिली, तीही माशी ही केवळ मधाची नव्हे तर पिकाचीही धनीण आहे हे ओळखून. फुलोऱ्याच्या दिवसांत भर सकाळी विषारी औषध फवारणे म्हणजे आपणच निमंत्रण देऊन बोलाविलेल्या पाहुण्याला दारातच ठार करणे होय.

आता पुन्हा उंबराकडे वळू. अंजीर हा उंबराचा सख्खा गोत्रज. रानटी अंजिराच्या फांद्या लागवडीच्या झाडावर टांगल्या की त्यांतून बारीक कीटक निघतात आणि फळे गळत नाहीत, असे ग्रीक पंडित थिओफ्रास्टस यांनी ख्रिस्तपूर्व काळातच नोंदले होते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियात स्मर्ना येथील अंजिराची लागवड झाली. झाडे वाढली, पण फळे पिकण्यापूर्वीच गळून पडत. आपल्याला मुद्दाम वाईट कलमे दिली, असा संशय काहींनी घेतला. फांद्या टांगण्याच्या चालीला अनेकांनी अडाण्यांची समजूत म्हणून हसून घालविले. अखेर १८९९ साली त्या कीटकाची वस्ती तेथे स्थिर झाली, तेव्हाच बागा फळल्या. आपल्या दौंड तालुक्यातील खोर गाव अंजिरासाठी प्रसिद्ध आहे. तेथील बागाइतदाराला मात्र ही चिंता नाही, कारण पुणेरी अंजिराचे फळ परागावाचूनच पोसते.

उंबराला ही सवलत नाही. आपण ज्याला उंबराचे फळ म्हणतो, ती वास्तविक आतून पोकळ अशी फुलांची डबी आहे. शेकडो फुले आतल्या भिंतीला चिकटलेली असतात. म्हणूनच ती दिसत नाहीत. टोकाशी खवल्यांनी झाकलेले एक सूक्ष्म दार असते. आतली स्त्रीफुले तयार झाली की ही डबी विशिष्ट वास सोडते. तो ओळखून चिलटाएवढी, गांधीलमाशीच्या गोतातली एक मादी येते. तिला आपण उंबरमाशी म्हणू. दारातून घुसताना तिचे पंख तुटतात. आत ती बरोबर आणलेला पराग फुलांना लावते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच मरते. पुढच्या पिढीचे बिनपंखी नर आतच माद्यांशी संग करून बाहेर पडण्याची वाट पोखरतात. माद्या पराग घेऊन नव्या वासाच्या शोधात उडतात. १९८९ साली दक्षिण आफ्रिकेतील संशोधकांनी उंबराच्या एका भाईबंदाची फळे पिशव्यांत झाकली. फळ दिसत नसतानाही त्याची माशी वासावर आली. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेनी बोर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुद्द आपल्या उंबराच्या वासाचा अभ्यास केला आहे.

उंबरातल्या किड्याला उंबर हेच सारे विश्व वाटते, असा दृष्टान्त संतवाङ्मयात येतो. तो नराला चपखल लागू पडतो. मादीची गोष्ट निराळी आहे. तिचे पंखांचे आयुष्य एखाद्‌दुसऱ्या दिवसाचे. पण तेवढ्यात वाऱ्यावर स्वार होऊन ती किती दूर जाऊ शकते, हे नामिबियाच्या वाळवंटात २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. तेथील याच गोतातील माश्या १६० किलोमीटरपर्यंत पराग वाहून नेतात, असे आढळले.

एका झाडावरील बहुतेक डब्या एकाच वेळी तयार होत असल्यामुळे, माशी बाहेर पडते त्या दिवशी तिला आपल्या झाडाचा उपयोग नसतो. कोठेतरी दुसरा उंबर नेमका तेव्हाच वास सोडीत असला, तरच ती जगते आणि त्या झाडाचे बीही धरते. दत्ताचे झाड म्हणून आपल्या पूर्वजांनी उंबरावर कुऱ्हाड चालविली नाही. त्या श्रद्धेने ही साखळी नकळत राखली. आज रस्ता रुंद करताना किंवा विहीर बुजवताना एक उंबर तुटला, तर सावली गेल्याचे आपल्या ध्यानी येते. त्याबरोबर भीमेच्या पलीकडच्या तीरावरील उंबराच्या माशीचा मुक्कामही तुटतो, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून झाड तोडणे अगदीच अटळ असेल, तेव्हा त्याच ओढ्याकाठी दोन-चार उंबर लावावेत आणि ते मोठे होईपर्यंत त्यांना पाणी घालावे, एवढी विनंती आम्ही दोन्ही तालुक्यांच्या नागरिकांना करतो.